पोटगी : बारा पणांच्या दंडापासून कलम 144 पर्यंत

1 जुलै 2024 रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तालुक्याच्या कोर्टातला एक जुना आकडा बदलला. 'एकशे पंचवीसचा अर्ज' म्हटले की पक्षकार, वकील, कारकून, बेलिफ या सगळ्यांना पोटगीच समजायची. तो अर्ज आता कलम 144 खाली होतो. हा आकडा इतकी वर्षे जमावबंदीचा म्हणून घराघरांत ठाऊक होता. जमावबंदी आता 163व्या कलमात गेली आहे. आकडे बदलले तरी पोटगीच्या कलमाचा मजकूर जवळजवळ पूर्वीचाच राहिला. हा मजकूर कुठून आला हे शोधायला निघालो की आपल्याला बरेच मागे जावे लागते, आणि तिथे दोन निरनिराळ्या वाटा सापडतात. एक वाट घराच्या मिळकतीतून निघते, तर दुसरी रस्त्यावर येणाऱ्या निराधाराबद्दल सरकारला वाटणाऱ्या धास्तीतून. पहिल्या वाटेवर पोटगी हा घरातला हक्क आहे, दुसऱ्या वाटेवर ती उपासमार टाळण्यापुरती रक्कम आहे. आपल्या कायद्यात या दोन्ही वाटा एकत्र आल्या. त्यातून झालेला गुंता सोडवण्याचे मोठे काम टाकलेल्या बायकांनी, म्हाताऱ्या आईबापांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांनी केले, असे माझे मत आहे.

सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथापासून करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नव्या गावांच्या वसाहतीबद्दल लिहिताना मध्येच एक नियम येतो. ऐपत असूनही जो माणूस मुले, बायको, आईवडील, अज्ञान भाऊ आणि कुमारी किंवा विधवा बहिणी यांना पोसत नाही, त्याला बारा पण (त्या काळची नाणी) दंड करावा. पतित झालेल्यांना पोसण्याची सक्ती नाही, पण आई पतित झाली तरी तिला पोसायलाच हवे. याच्या लगेच पुढचा नियम तर अधिक धाडसी आहे. बायकापोरांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्याला दंड सांगितला आहे, आणि तोही बारा पणांहून बराच जबर. मोक्षाची ओढ लागली तरी घरच्यांच्या ताटातले आधी बघ, असे राजसत्तेने संन्याशालाही बजावणे ही मला या साऱ्या इतिहासातली विलक्षण गोष्ट वाटते. त्याच ग्रंथाच्या व्यवहारविषयक भागात बायकोच्या निर्वाहासाठी लावून द्यायच्या रकमेचा आणि दागिन्यांचा वेगळा विचार आहे. पण पुढे हा ग्रंथ कित्येक शतके विस्मृतीत गेला. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथसंग्रहालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती त्याची पोथी पडली आणि 1909 मध्ये तो छापला गेला. मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांची संशोधित आवृत्ती काढली ती 1960 च्या दशकात. म्हणजे इंग्रजांनी भारतात पोटगीचे फौजदारी कलम लिहिले तेव्हा, याच देशात असा दंड पूर्वी सांगितला गेला होता हे त्यांच्या गावीही नव्हते.

जे विस्मृतीत गेले नाही ते धर्मशास्त्र. त्यातही महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा टीका. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी होता. अकराव्या शतकाचा शेवट आणि बाराव्याची सुरुवात हा त्याचा काळ. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले, मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले बसवकल्याण. याज्ञवल्क्याने एक नियम सांगितला आहे. गुणी, कर्तबगार, मुलगा झालेल्या बायकोला नवऱ्याने टाकले तर त्याच्या संपत्तीचा तिसरा हिस्सा तिला देववावा. त्याच्यापाशी धन नसेल तर निदान तिचा निर्वाह त्याने चालवावा. त्यातल्या अटींकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण गोड बोलणारी, आज्ञेत राहणारी वगैरे विशेषणे लावूनच तो हक्क दिलेला आहे. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रीला त्याच स्मृतीने जीव जगेल एवढेच अन्न ठेवले. तरीही तिसरा हिस्सा ही मोजता येणारी, मिळकतीशी बांधलेली गोष्ट होती. वारसातून वगळलेल्यांचेही तसेच. आंधळा, पांगळा, बुद्धीने अधू असा भाऊ वाटणीला पात्र नाही, असे स्मृती सांगते. तो नियम क्रूर आहे. पण त्याच ठिकाणी त्याला, त्याच्या बायकोला आणि लग्न होईपर्यंत त्याच्या मुलींना घराच्या मिळकतीतून पोसलेच पाहिजे, असेही ती बजावते. आईबाप, बायको आणि लेकरे यांना पोसण्यासाठी प्रसंगी अकार्य करावे लागले तरी चालेल, असे मनूच्या नावावर सांगितले जाणारे वचनही टीकाकारांनी वारंवार आधाराला घेतले.

मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरात इथे मिताक्षरेपेक्षाही ज्याचा शब्द वरचढ मानला गेला तो ग्रंथ म्हणजे सतराव्या शतकातला व्यवहारमयूख. त्याचा कर्ता नीलकंठभट्ट काशीचा, पण त्याचे भट्ट घराणे मूळ पैठणचे. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती पुढे 1926 मध्ये पां. वा. काणे यांनी संपादित केली. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहून काढणारे तेच हे काणे. पण गावात कुणी मयूख उघडून न्याय करत नव्हते. मराठेशाहीत तंटा गोतसभेपुढे जाई, दोन्ही पक्षांचे करीने (हकिकती) ऐकले जात आणि निकालाचा महजर (लेखी निवाडा) होई. या न्यायपद्धतीचा कागदोपत्री अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केला. घरातल्या विधवेची, मागे राहिलेल्या सुनेची सोय साधारणपणे मिळकतीतच लावली जाई. अमुक शेताचे उत्पन्न तिच्या अन्नवस्त्राला, अमुक तुकडा चोळीबांगडीला, राहायला वाड्यातला एक सोपा. ती हयात असेतो ते तिचे, पुढे भाऊबंदांचे. हे शब्द अजून पुसले गेलेले नाहीत. जुन्या फेरफार नोंदी आणि सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना चाळला तर एखाद्या आजीच्या नावापुढे पोटगीचा हक्क लिहिलेला दिसतो. शेत भावाच्या किंवा दिराच्या नावावर, आणि त्या शेतावर तिचे पोट. अशा नोंदीत त्या बाईचे घरातले स्थान जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कुठल्याही कागदात दिसत नाही. मालकी नाही, पण हुसकावूनही लावता येत नाही, असे ते स्थान होते.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जुनी व्यवस्था एकदम मोडली नाही. दख्खनमधल्या जातींचे रिवाज त्याने आर्थर स्टील याच्याकडून नोंदवून घेतले आणि तो संग्रह 1827 मध्ये निघाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याची विनियम-संहिता झाली. वारस दाखल्यासाठी कोर्टात जाणाऱ्या माणसाच्या अर्जावर अजूनही ज्या 1827 च्या आठव्या विनियमाचा उल्लेख असतो तो याच संहितेतला. इंग्रज न्यायाधीशाला शास्त्र कळत नसे, म्हणून प्रत्येक जिल्हा कोर्टात एक शास्त्री नेमलेला होता. न्यायाधीशाने प्रश्न विचारायचा, शास्त्र्याने व्यवस्था द्यायची. रेमंड वेस्ट आणि जॉर्ज ब्यूलर यांनी मुंबई इलाख्यातल्या या व्यवस्था गोळा करून 1867 पासून छापल्या. घराण्यातली विधवा, दत्तक, वाटणी, निर्वाह अशा प्रश्नांनी ती पाने भरलेली आहेत. पण तोवर शास्त्र्यांची गरज संपली असे सरकारने ठरवले होते, आणि 1864 च्या कायद्याने कोर्टातली त्यांची पदे गेली. त्यानंतर शास्त्राचा अर्थ आधीच्या निकालांतून लागू लागला. 1878 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे एका विधवेचा प्रश्न आला. नवरा भाऊबंदांपासून विभक्त होऊन वारलेला, आणि तिला पोसायला त्या भाऊबंदांना भाग पाडता येईल का, असा तो प्रश्न होता. वडिलार्जित मिळकत त्यांच्या हातात नसेल तर भाग पाडता येणार नाही, असा निकाल झाला. तर्क चोख होता: अन्नवस्त्राचा हक्क मिळकतीला चिकटलेला, म्हणून मिळकत नसेल तर हक्कही नाही. गोतसभेपुढे नातेही वजनात धरले जाई. आता फक्त मिळकत धरली जाऊ लागली.

दुसरी वाट इंग्लंडात सुरू होते. एलिझाबेथ राणीच्या 1601 च्या गरिबांच्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या हद्दीतल्या निराधारांना पोसण्याचा भार टाकला. त्या भाराची भरपाई व्हावी म्हणून आईबाप, आजीआजोबा आणि मुले यांनी ऐपतीप्रमाणे एकमेकांना पोसावे असे बंधन घातले. ज्याने आपले माणूस सांभाळले नाही त्याच्यामुळे पॅरिशच्या तिजोरीला खड्डा पडतो, असा त्यामागचा हिशोब होता. 1824 च्या भटकेगिरीच्या कायद्यात तर बायकामुलांना पॅरिशच्या अंगावर टाकून पळून जाणारा माणूस सरळ गुन्हेगारांच्या यादीत बसवला गेला. हा विचार भारतात 1861 च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेबरोबर आला. 1872 ची संहिता घडवणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने या तरतुदीचे प्रयोजन लपवले नाही. भटकेगिरी टाळणे, निदान तिचे परिणाम टाळणे, हा तिचा हेतू असल्याचे त्याने म्हटले. इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. इंग्लंडात पॅरिश निराधाराला पोसत होती, म्हणून ती नवऱ्याकडून वसूल करत होती. भारतात सरकार कुणालाच पोसत नव्हते. गरिबांच्या कायद्यातली वसुली तेवढी इथे आली. गरिबाला घर आणि भाकरी देणारी बाजू समुद्रापलीकडेच राहिली. त्यामुळे इथल्या बाईच्या बाबतीत ते कलम तिच्या हक्काचे राहिले नाही आणि सरकारच्या मदतीचेही झाले नाही. तरीही स्वस्त आणि झटपट म्हणून तिच्या हाताशी येणारे साधन तेवढेच होते. दिवाणी दाव्याला स्टँप लागे, वर्षे लागत. मॅजिस्ट्रेटपुढचा अर्ज त्यामानाने सोपा, आणि तो कुठल्याही धर्माच्या बाईला करता येई.

1898 च्या संहितेत हे कलम 488 झाले. बायको, आणि औरस असोत की अनौरस अशी मुले यांच्यासाठी महिना फार तर 50 रुपये. 1923 मध्ये मर्यादा 100 झाली, 1955 मध्ये 500. आणि मग 2001 पर्यंत, तब्बल 46 वर्षे, ती 500 वरच राहिली. सोने, भाडे, शाळेची फी, एसटीचे तिकीट यांतले काहीही त्या 46 वर्षांत जागेवर राहिले नाही. शिवाय कलमातला 'एकूण' हा शब्द घातक होता. आई आणि तीन मुले मिळून 500, असा त्याचा अर्थ लावला जाई. 1978 मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तो अर्थ खोडून काढला आणि मर्यादा प्रत्येक अर्जदाराला वेगळी धरावी असे सांगितले. मर्यादा हे एक दुखणे. वसुली हे दुसरे. ते जवळून पाहण्यासारखे आहे. आदेश झाला की दर महिन्याला रक्कम आपोआप येत नाही. नवऱ्याने थकवले की बाईने पुन्हा वसुलीचा अर्ज करायचा, आणि तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. मग नोटीस निघते. ती बजावायला गेलेल्या माणसाला 'घरी नाही' असे उत्तर मिळते. पुढे वॉरंट. नवऱ्याने गाव बदलले असेल तर वॉरंट दुसऱ्या पोलीस ठाण्यात. शेवटी तो हजर होतो, थोडी रक्कम भरतो, उरलेलीसाठी तारीख मागतो. तरीही न भरल्यास थकलेल्या हप्त्यांपोटी एक महिन्यापर्यंतची कैद आहे. ती भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये स्पष्ट केले. तोवर कित्येक नवरे तुरुंगातून बाहेर येऊन 'आता काही देणे नाही' असे म्हणत होते. प्रत्येक तारखेला बाईची मजुरी बुडते, जाण्यायेण्याचे भाडे जाते, आणि कडेवरचे मूल कोर्टाच्या व्हरांड्यात दिवस काढते. पोटगीचा कायदा ज्यांनी लिहिला त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो व्हरांडा पाहिला असावा.

दरम्यान मिळकतीच्या वाटेवरही हालचाल चालू होती. मुंबईचे शल्यविशारद आणि केंद्रीय कायदेमंडळाचे सभासद डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने 1937 चा हिंदू स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्काचा कायदा झाला. लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. विधवेला आता एकत्र कुटुंबात नवऱ्याच्या जागी उभे राहता येऊ लागले, जरी मालकी हयातीपुरतीच होती. 1946 मध्ये वेगळे राहूनही पोटगी मागण्याचा हक्क हिंदू पत्नीला मिळाला. त्याची कारणे कायद्यात मोजून दिली होती: छळ, त्याग, घृणास्पद रोग, नवऱ्याने दुसरे लग्न करणे, घरात बाई आणून ठेवणे, धर्मांतर. 1956 च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याने व्याख्याच रुंद केली. अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर शिक्षण आणि औषधपाणीही पोटगीत आले. विधवा सुनेला सासऱ्याकडे मागता येऊ लागले, अर्थात सासऱ्याच्या ताब्यातल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या मर्यादेत. म्हाताऱ्या, अपंग आईबापांना मुलाकडे आणि मुलीकडेही मागता येऊ लागले. 1956 च्या कायद्यातला हा ठेवा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलातला. ते बिल एकसंध मंजूर होत नाही म्हणून त्यांनी 1951 मध्ये कायदेमंत्रिपद सोडले, आणि पुढे तेच तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज दिवाणी संहिता 1 जुलै 1870 पासून लागू होती आणि वेगळा करार नसेल तर नवराबायको एकूण मालमत्तेचे निम्मेनिम्मे धनी असत. त्यामुळे तिथल्या बाईचा आधार मुळातच आपल्या अर्ध्या हिश्श्यावर राहिला.

मिळकतीच्या वाटेवरचा सर्वांत मोठा निकाल आला 1977 मध्ये, आणि तो जेवढा गाजायला हवा होता तेवढा सामान्य वाचकांत गाजला नाही. आंध्रातल्या एका विधवेने दिराविरुद्ध अन्नवस्त्राचा दावा जिंकला. 1949 मध्ये तडजोड झाली आणि तिला काही मिळकत हयातीपुरती, विकण्याचा हक्क नाही अशा अटीवर मिळाली. तिने ती विकली. दीर म्हणाला, तुला तो अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तुलसम्मा खटल्यात उलट निर्णय दिला. पोटगीचा हक्क कागद होण्याआधीपासून असलेला हक्क आहे, आणि त्या हक्कापोटी मिळालेली मिळकत 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14(1) मुळे पूर्ण मालकीची झाली, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे याज्ञवल्क्यापासून चालत आलेली मिळकतीशी बांधलेली पोटगी विसाव्या शतकात चक्क मालकीत बदलली. अन्नवस्त्रासाठी शेताचा तुकडा मिळालेल्या, आणि 'हे तुझे नव्हे, तू फक्त खा' असे आयुष्यभर ऐकत आलेल्या कितीतरी म्हाताऱ्या या निकालाने मालकिणी झाल्या.

पण सुधारणेच्या वाटेत नवे खड्डेही पडले. मुंबई प्रांताने 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्याबंदीचा कायदा केला, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती बंदी देशभर लागू केली. ती हवीच होती. मात्र पहिले लग्न लपवून नवऱ्याने दुसरी बायको केली तर ती दुसरी कायद्याच्या नजरेत बायकोच उरली नाही. महाराष्ट्रातल्या अशाच एका बाईचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 1988 मध्ये निकाल लागला: लग्न रद्दबातल असल्यामुळे ती पत्नी नाही, म्हणून पोटगी नाही. त्याच वर्षी संगमनेरला कार्यकर्त्या निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांची परिषद घेतली. ज्यांना गावात कुणी विधवा म्हणत नव्हते, सवाष्णही धरत नव्हते, त्या बायका आपले म्हणणे घेऊन मंडपात आल्या. परित्यक्ता हा महाराष्ट्रातला सामाजिक प्रश्न म्हणून बोलला जाऊ लागला त्यात या परिषदेचा वाटा फार मोठा. कायद्यातला खड्डा मात्र बुजायला आणखी 25 वर्षे लागली. 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या एका प्रकरणात न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या पीठाने म्हटले, की पहिले लग्न लपवून फसवणाऱ्या नवऱ्याला स्वतःच्याच फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही आणि पोटगीपुरती ती बाई पत्नीच धरली जाईल.

आता आपण 1973 च्या संहितेकडे येऊ, कारण कलम 488 चे कलम 125 होताना दोन नवी माणसे आत आली: घटस्फोटित पत्नी आणि आईवडील. आईवडिलांचा प्रश्न लवकरच कल्याणच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला. एका वडिलांनी आपल्या डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे महिना 500 रुपये मागितले. कलमात इंग्रजी सर्वनाम पुल्लिंगी होते, आणि लग्न झालेली मुलगी परक्या घरची, असा युक्तिवाद झाला. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलगीही तितकीच बांधील असल्याचा निर्णय दिला. मुलगा-मुलगी समान हे वाक्य हक्कांबरोबर जबाबदारीलाही लागू होते, हे कल्याणच्या त्या अर्जाने कायद्यात कोरले गेले. घटस्फोटितेची तरतूद मात्र लगेच वादात सापडली. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता, आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले होते. तोंडी तलाक आणि त्यानंतरची निराधार अवस्था हाच त्यांचा विषय होता. कलम 125 ने तलाक दिलेल्या बाईला दार उघडले, पण कलम 127 मध्ये पळवाट ठेवली गेली: रिवाजाप्रमाणे देय रक्कम दिली असेल तर आदेश रद्द होऊ शकतो.

इंदूरच्या शाहबानो यांचे लग्न 1932 चे. नवरा वकील. 1975 मध्ये घराबाहेर काढल्यावर आणि 1978 मध्ये पोटगीचा अर्ज केल्यावर त्यांना तलाक मिळाला. खालच्या कोर्टाने महिना 25 रुपये ठरवले, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 179 रुपये 20 पैसे. 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश, पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने ही रक्कम कायम केली. मेहर म्हणजे तलाकपोटीची भरपाई नव्हे, असे त्यांनी सांगितले. त्यानंतरचे राजकारण, 1986 चा मुस्लिम महिला कायदा, त्यावरची आंदोलने हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट पुढची आहे. शाहबानो यांची बाजू मांडणारे वकील दानियल लतीफी यांनीच 1986 च्या कायद्याला आव्हान दिले. 28 सप्टेंबर 2001 रोजी न्यायालयाने कायदा रद्द न करता त्याचा असा अर्थ लावला, की तलाकनंतरच्या इद्दतच्या मुदतीत नवऱ्याने बाईच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तजवीज केली पाहिजे. जो कायदा तिचा हक्क काढून घेण्यासाठी आला, तोच कायदा असा तिच्या उपयोगी पडला. 10 जुलै 2024 रोजी न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की तलाक दिलेल्या मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कलमाखालीही अर्ज करता येतो.

2001 हेच वर्ष आणखी एका कारणासाठी मोलाचे. संसदेने 500 रुपयांची मर्यादा काढून टाकली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असे घातले. ऑक्टोबर 2006 मध्ये कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लागू झाला आणि त्याने बाईला पैशांबरोबर राहत्या घराचा हक्क दिला. पण त्याच वर्षीच्या एका निकालाने सासूच्या नावावरच्या घराला 'सामायिक घर' मानायला नकार दिला आणि हा हक्क निम्मा पंगू झाला. ऑक्टोबर 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी सून तिथे राहण्याचा हक्क सांगू शकते, असे आता मानले जाते. ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आला. प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण बसते, वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला घर बक्षीस दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येते. मात्र त्यात ती अट लिहिलेली असावी; बक्षीसपत्र करायला निघालेल्या प्रत्येक आईबापाने ही ओळ न विसरता घालून घ्यावी. याच कायद्यात महिना 10,000 रुपयांची कमाल मर्यादा मात्र पुन्हा शिरली.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका पोटगी प्रकरणात नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी रीत घालून दिली. नवरा आणि बायको दोघांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जे यांचे शपथपत्र दाखल करायचे. त्यात पगारपत्रक, बँक खाती, शेतजमीन, वाहने, विमा, कर्जाचे हप्ते आणि अवलंबून असलेली माणसे ही सगळी माहिती द्यायची. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आदेशाची तारीख धरायची नाही, म्हणजे लांबवण्यात नवऱ्याचा फायदा उरत नाही. एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज केले असतील तर एकातली रक्कम दुसऱ्यात वजा धरायची. पगारदार नवऱ्याच्या बाबतीत निव्वळ पगाराच्या सुमारे चौथाईपर्यंतचा आदेश वाजवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1970 आणि 2017 मधल्या निकालांत मानले होते. याज्ञवल्क्याचा तिसरा हिस्सा मिळकतीवर होता आणि हा चौथा पगारावर, तरी दोन्हींचा आधार नवऱ्याची ऐपत हाच आहे. शपथपत्राच्या या रीतीमुळे 'मला काहीच मिळत नाही' एवढे बोलून सुटका होईनाशी झाली. नव्या संहितेच्या कलम 144 मध्ये मर्यादा नाही, आईबाप आहेत, घटस्फोटिता आहे. व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, हे कलमही तसेच आहे. थकलेल्या हप्त्यासाठी एक महिन्यापर्यंतची कैद आणि वसुलीच्या अर्जाची एक वर्षाची मुदत यांतही बदल झालेला नाही.